आधी वाढणारीनं खायचं

ये गं मंजू, अशी जवळ बस. खुर्ची नको ओढूस, हितं सतरंजीवर बस माझ्यापाशी. आणि तोंड पाडून बसायचं नाही. परवा फोनवर काय म्हणालीस मला? "काकी, ही खेड्यातली माणसं फार संशयी हो. गोळी दिली की विचारतात कशाची, घरी गेलं की विचारतात कुणी पाठवलं. अशानं काम कसं करायचं?" मला राग आला तुझा, खरं सांगते. एवढी शिकून तू माझ्याच कामावर लागलीस त्याचं कौतुक आहेच, पण संशयी माणसांना नावं ठेवायची नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही.

या दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा" म्हणून मागे लकडा लावलाय. मी सातवी शिकलेली बाई, मला काय लेख लिहिता येणार? तेव्हा तुलाच सांगते आणि सांगता सांगता लिहिते. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

नव्वद सालानंतरच्या वर्षांतली गोष्ट आहे. बारामतीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. महिन्यातून एकदा पुण्याहून मनोविकाराचे डॉक्टर तिथं यायचे. आम्ही त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचो. आत ते बसायचे, बाहेर बाकं, आणि दारात मी. मी नर्स नाही, डॉक्टर नाही, कुणीच नाही. नंबर लावायचे, रडणाऱ्याला पाणी द्यायचं, पळणाऱ्याच्या मागे पळायचं, गोळ्या कधी कशा घ्यायच्या ते समजावायचं, आणि एखादा पेशंट पुढच्या महिन्यात आला नाही तर एसटीनं त्याच्या गावी जाऊन बघायचं, का आला नाही ते. जे काही येतं मला ते तिथं उभ्या उभ्या शिकलेलं.

मोठे डॉक्टर मुद्दाम बाजारच्या दिवशी यायचे. का, सांग? बाजारच्या दिवशी बारामतीला निघालेल्या माणसाला एसटीत कुणी विचारत नाही, कुठं निघालात म्हणून. हातात पिशवी असली की झालं. गोळ्या पिशवीत खाली, वर मेथीच्या जुड्या. अशी कितीतरी औषधं मेथीखालून गावागावात गेलीत बघ.

बाकावर बसलेल्यांतल्या कुणाला कधी काही झालेलंच नसायचं. एकदा सुप्याची, एकाच आळीतली दोन माणसं समोरासमोर आली. एक म्हणाला, "मी आपला दाढंसाठी आलोय." दुसरा म्हणाला, "मी बी." मग दोघंही गालाला हात लावून बसून राहिले, नंबर येईपर्यंत. मी मुद्दाम दोघांना वेगवेगळ्या दारानं सोडलं. एक रिटायर गुरुजी यायचे, त्यांना पंख्यातून कुणीतरी बघतंय असं वाटायचं. ते आले की मी मे महिन्यातसुद्धा पंखा बंद करायची. बाकीचे घामानं निथळायचे आणि माझ्या नावानं बोटं मोडायचे. गुरुजी मात्र निवांत बसायचे.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. पेशंट म्हणाला मला आवाज ऐकू येतात, तर "छे, कुठं काय" म्हणायचं नाही, आणि "हो हो, मलापण येतात" असंही म्हणायचं नाही. वाद नाही, होकार नाही. मधल्या बारीक बांधावरून चालायचं. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. माझ्या जिभेला ते वळायला एक पावसाळा लागला. नसलेलं ऐकू येतं, आपलीच माणसं आपल्यावर उठलीत असं वाटतं, आणि ते वाटणं इतकं पक्कं असतं की पुढ्यात देव येऊन सांगू लागला तरी माणूस देवावरच संशय घेईल. गावात त्याला करणी म्हणत, बाहेरचं म्हणत. गोळ्यांनी तो आजार पुष्कळ आवरतो. पण गोळ्या मिळाल्या पाहिजेत ना. सरकारी दवाखान्यात तापाचं मिळायचं, हगवणीचं मिळायचं, साप चावला तर त्याचंसुद्धा मिळायचं. हे मिळायचं नाही. इंदापूरच्या मेडिकलमध्ये मी चिठ्ठी दाखवली तर मालकानं आधी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "झोपेच्या गोळ्या कशाला पाहिजेत बाई तुम्हाला?" म्हणजे बावड्याच्या माणसानं दोन गाड्या बदलून, दिवसाचा रोजगार बुडवून, सोबतीला कुणाला तरी राजी करून बारामतीला यायचं. तो दिवस चुकला की गेला महिना. आणि आजार काय महिनाभर बांधावर बसून वाट बघत नाही.

आता कमलचं ऐक.

कमल पंचविशीच्या आतली. माहेर कऱ्हाटीचं, पूर्वी मेंढरं राखणारं घर. सासर बावड्याचं, ऊसवाले. नवरा दत्ता, कमी बोलणारा, सारखं जमिनीकडे बघणारा. सासू सोनाबाई, अंगानं बारीक पण आवाज असा की चार वाफे पलीकडचा माणूस वळून बघेल. तिघं पहिल्यांदा आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी कमलला विचारलं, "काय त्रास होतो?"

"मला न्हाय. मोटारीला इचारा."

"कुठल्या मोटारीला?"

"हिरीवरच्या. सुरू झाली की माझं नाव घेती. कमळे, कमळे, कमळे. आन मग म्हनती, हिला हाकला."

दत्ता आणखी खाली बघायला लागला. सोनाबाई म्हणाली, "डाक्टर, पोरगी लई गुणाची हाय हो. पर लाईट आली की कान झाकून पळती. लाईट येती ती बी अवेळी, मग काय करावं?"

डॉक्टरांनी नारिंगी रंगाच्या गोळ्या लिहून दिल्या. कमलनं पुडीकडे बघितलं आणि म्हणाली, "मी घेणार न्हाय. ज्येला मोटार ऐकू येत न्हाय त्येला द्या." बाहेर बाकावरची माणसं हसली, डॉक्टरपण हसले. आणि मंजू, तिच्या बाजूनं बघितलं तर त्यात चूक काय होतं?

पुढच्या महिन्यात सोनाबाई एकटी आली. "घेती गोळ्या. मुकाट घेती. मोटार चालू झाली तरी पळत न्हाय आता." कमल का नाही आली? "निजलीया." डॉक्टरांना बरं वाटलं, त्यांनी गोळ्या दिल्या. सोनाबाई मेथी घेऊन गेली.

त्याच्या पुढच्या खेपेला दत्ता एकटा आला. त्याला बोलतं करायला मला दोनदा चहा पाजावा लागला. कमल घरातलं खात नव्हती. म्हणायची, आत्या माझ्या जेवणात कायतरी घालत्यात, माझी जीभ मरती. आत्या म्हणजे सासू. घरची भाकरी नाही, कोरड्यास-कालवण नाही, माठातलं पाणीसुद्धा नाही. मग खाते काय? "सालीचं खाती," दत्ता म्हणाला. भुईमुगाच्या शेंगा स्वतः फोडून. केळ स्वतः सोलून. ऊस स्वतः मोडून. ज्याला देवानं वरनं साल घातलीय आणि जे तिनं स्वतःच्या हातानं उघडलंय, तेवढंच. पाणी मोटारीच्या पाइपाला तोंड लावून. ज्या मोटारीची भीती तिच्याच पाण्यावर पोरगी जगत होती.

डॉक्टरांनी मान हलवली. जेवणात विष घालतात असं वाटणं या आजारात नेहमीचं. मीही मान हलवली. अशी दहा घरं बघितलेली होती मी.

मग आला विष्णू, कमलचा थोरला भाऊ. दवाखान्याचा दिवसही नव्हता. ट्रॅक्टर चालवायचा तो, हाताला ग्रीस, डोळ्यात अंगार. दारातच उभा राहिला, आत येईना.

"तुमीच का नलूकाकी? तुमी सासरच्यांकडनं का आमच्याकडनं?"

"मी दवाखान्याकडनं."

"आन दवाखाना कुणाकडनं?"

मी म्हटलं, "बस तरी. चहा घेतोस?"

"चहा नगं." चहाच्या कपाकडे त्यानं असं बघितलं की मलाच शंका आली आपल्या चहाची. "माझ्या बहिणीच्या जेवणात ह्ये लोक कायतरी घालत्यात."

"हे बघ विष्णू, या आजारात माणसाला असं वाटतं."

"तुमी जेवून बघितलंय का तितं?"

"नाही."

"मग कशावरनं?"

मी कप बाजूला ठेवला. तो म्हणाला, "सोमवारी जीप घेऊन जातोय. बहीण कऱ्हाटीला आणणार. गोळ्या बंद. आमच्याकडं एक जाणता हाय, तो उतरवंल काय आसंल ते. आन त्या दत्ताला दुसरी करायचीय, म्या काय खुळा हाय व्हय?"

तो गेला. माहेरी गेलेल्या अशा बायका मी बघितल्या होत्या. आधी गोळ्या बंद होतात. मग उतारे, अंगारे, मग गोठ्यात दावं. इकडे सासरचे सुटल्यासारखं करतात आणि वर्षात दुसरी सून येते. मग त्या पोरीला ना हे घर ना ते. आणि दुसरं असं, की विष्णूनं माझ्याही डोक्यात किडा सोडला होता. दत्ता खाली का बघतो सारखा? सोनाबाईनं कमलला एकदाही परत का आणलं नाही? दुसऱ्या बाईचं खरं असेल तर? मी म्हटलं, सोमवारी विष्णूच्या आधी आपण पोचायचं.

इंदापूरला गाडी बदलून बावड्याला उतरले. खांद्याला पिशवी, पायात चप्पल, एकटी बाई. त्या काळात अशी बाई गावात शिरली की तिचा एकच अर्थ, कुटुंबनियोजनवाली. एक पोरगं ओरडत पुढं पळालं, "ऑपरेशनवाली आली!" पटापटा दारं लागली. एका म्हातारीनं फटीतनं सांगितलं, "आमच्या सुनंचं झालंय हो, दोन वर्सामागंच!" मी म्हटलं, "आजी, मला दत्ताचं घर पाहिजे." तर म्हणाली, "त्येला तर अजून एक बी न्हाय, त्येचं कशाला कापताय?"

घर रानात होतं, विहिरीजवळ. कमल पेरूच्या झाडाखाली बसली होती, पुढ्यात शेंगांच्या टरफलांचा ढीग. गालाची हाडं वर आलेली. मला बघून पदर सावरला आणि पहिला प्रश्न, "पिशवीत काय हाय?" मी पिशवी उपडी केली तिच्यासमोर. रुमाल, पाण्याची बाटली, एक केळ. केळ तिनं उचलून चारी बाजूंनी बघितलं, देठ बघितला आणि ठेवून घेतलं.

"बरी आहेस का?" मी विचारलं.

"जीभ मरती माझी. लाकडावानी हुती. ह्यांस्नी सांगितलं तर म्हनत्यात, तुला तसं वाटतंय." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमीबी तसंच म्हनणार न्हवं?"

मी मधल्या बांधावरून चालले. म्हटलं, "तुला फार त्रास होतोय एवढं मला दिसतंय."

"म्हंजे तसंच," ती म्हणाली आणि शेंग फोडली.

तेवढ्यात जीप आली. विष्णू उतरला, सोबत दोन चुलतभाऊ, हातात काही नाही पण हात तयार. दत्ता उसातनं बाहेर आला. सोनाबाईनं काय करावं? तिनं ताटं वाढायला घेतली. पाव्हणा दारात आल्यावर भांडण असो नाहीतर काही असो, आधी ताट. आणि त्या ताटांबरोबर एक ताट तिनं पेरूखाली आणून कमलपुढे ठेवलं. भाकरी आणि कारल्याची भाजी. आम्हा सगळ्यांच्या ताटात डाळवांगं होतं. कारलं फक्त कमलला.

"तिला लई आवडतं," सोनाबाई म्हणाली. "दिसाआड करती मी."

कमलनं ताट पुढे सरकवलं. "तुमी खावा. खाऊन दाखवा."

"मला कारलं सोसत न्हाय, तुला म्हाईत हाय की."

"मग ह्यास्नी सांगा."

दत्ता हलला नाही. "मला भूक न्हाय," म्हणाला. आणि त्याचं ते पाय बघणं चालूच.

विष्णू ताडकन उठला. "बघा काकी, बघा! घरचीच माणसं खाईनात! आता बोला तुमचं, आजार आजार!"

मंजू, मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, खरंच घालतायत की काय. आयुष्यात त्या एका क्षणी मी पूर्ण कमलच्या बाजूची झाले. आणि वाद नाही, होकार नाही हे मला जमेना. मी त्या ताटातला कारल्याचा तुकडा भाकरीत धरला आणि तोंडात टाकला.

सोनाबाई किंचाळली. "काकी, नगा! थुका, थुका ते!" आणि धावत येऊन तिनं माझं मनगट धरलं. पण मी गिळलं होतं.

कारलं कडू असायचंच. पण हे कडू वेगळं होतं, मागे जाऊन बसणारं. आणि मग माझ्या जिभेचं टोक हळूहळू नाहीसं झालं. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर होतं ना, तसं. बधिर. मी बोलायला गेले तर शब्द लडबडला. "जीभ," एवढंच म्हणाले. कमल माझ्याकडे बघत होती. ती हसली नाही, ओरडली नाही. माझी जीभ कशी झालीय ते या जगात तिला एकटीला माहीत होतं.

विष्णूनं दत्ताची गचांडी धरली. "विष! भर दिवसा विष!" चुलतभाऊ मधे पडले. दत्ता मार खायला उभा राहिल्यासारखा उभा. तेव्हा सोनाबाई घरात पळाली आणि उतरंडीतलं मडकं तसंच उचलून घेऊन आली. आत आमच्याच दवाखान्याच्या पुड्या, आणि एका फडक्यात नारिंगी भुकटी. मागनं तिनं खलबत्ता आणून आपटला.

"विष न्हाय रं बाबा, ह्ये तिचं औषीद हाय! डाक्टरच्या गोळ्या! हातानं घेत न्हाय मग काय करू? कुटून घालती. कडू लागतंय म्हून कारल्यात घालती!"

विष्णूनं दत्ताची गचांडी सोडली. मी लडबडत्या जिभेनं विचारलं, "मग तुम्ही का खाईनात? एक घास खाऊन दाखवला असता तर..."

ती रडायलाच लागली. "कसं खाणार काकी? खुळ्याची गोळी शान्या माणसानं खाल्ली तर त्यो खुळा हुतो. आख्ख्या गावाला म्हाईत हाय. दत्ताला म्या देवाची शपथ घातलीया, त्या ताटाला शिवायचं न्हाय. आन तुमी खाल्लासा! आता तुमाला काय झालं तर मी तुमच्या घरच्यास्नी काय तोंड दावू?"

बघ म्हणजे. सुनेवर माया म्हणून चोरून चारायचं. स्वतः खुळं होऊ म्हणून घाबरायचं. दत्तानं खाली बघायचं ते शपथेच्या ओझ्यानं. दुसरी बायको कुठं नव्हती नि काही नव्हतं. सगळे एकमेकांवर संशय घेत बसलेले, आणि ज्या एकटीला आम्ही सगळे म्हणत होतो तुला तसं वाटतंय, ती एकटी खरं बोलत होती.

मी कमलजवळ जाऊन बसले. म्हटलं, "कमल, तू म्हणत होतीस ते खरं होतं. तुझ्या जेवणात घालत होते. तुला कळलं होतं आणि आम्हाला कळलं नव्हतं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मग मी येडी न्हाय?"

त्या प्रश्नावर पेरूखाली सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. विष्णू, सोनाबाई, दत्ता. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण त्या पोरीला एवढे दिवस गोडीनंच फसवलं होतं.

"जेवणाच्या बाबतीत अजिबात नाहीस. पण मोटार तुझं नाव घेते ते मला ऐकू येत नाही."

"मला येतं."

"हो, तुला येतं. गोळी त्याच्यासाठी आहे. विषासाठी नाही आणि शिक्षेसाठी नाही."

तिनं फडक्यातली भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. डोळे मिटून थांबली. मग म्हणाली, "ह्येच." इतकी सुटल्यासारखी म्हणाली ती. कितीक दिवस जिभेवर बसलेल्या भुताचं नाव सापडल्यासारखी.

विष्णू म्हणाला, "चल बस जीपमधी. आता तर न्हेणारच."

"थांब की रं दादा." ती उठली, साडी झटकली, आणि सरळ घरात चुलीपुढे जाऊन बसली. "आजपासनं भाकरी मी थापणार. कालवण मी करणार. आन जी कोण वाढंल तिनं आदी आपण घास खायचा, मग दुसऱ्यानं. मी वाढली तर मी. आत्या वाढल्या तर आत्या."

सोनाबाई म्हणाली, "आगं, बाईमाणसानं आदी खायचं? पाव्हण्यांच्या आदी? लोक काय म्हनतील?"

"लोकांस्नी आपलं आपल्या घरी जेवू द्या."

तिनं पिठलं केलं. ताटात वाढलं, आमच्यासमोर पहिला घास स्वतः खाल्ला आणि मग ताट सासूपुढे ठेवलं. सोनाबाई जेवली. विष्णू दारातूनच बघत होता, पण जीप रिकामीच परत गेली. जाताना मला म्हणाला, "काकी, म्या म्हनलं नव्हतं?" मला म्हणावं लागलं, "म्हणाला होतास."

परतीच्या गाडीत मला अशी झोप लागली की इंदापूरला उतरून गाडी बदलायची होती, ते कधी गेलं कळलं नाही. कंडक्टरनं भिगवणला हलवून उठवलं. त्या एका घासातच एवढं होतं तर त्या पोरीच्या पोटात किती गेलं असेल, याचा विचार करत मी तिथल्या स्टँडवर बसून राहिले.

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक गोळी तळहातावर घेतली. मग म्हणाले, "ही गोळी तोंडात विरघळली की जीभ बधिर होतेच, नलूताई. म्हणून तर वरून नारिंगी लेप असतो. कुटली की लेप गेला." आणि पुढच्या दवाखान्याला कमल स्वतः आली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सोनाबाईला आणि दत्ताला बजावलं, की चोरून काही चारायचं नाही. मग कमलला म्हणाले, "दोन वाटा आहेत. रोज गोळी, तुझ्या हातानं, तुझ्या डोळ्यासमोर. नाहीतर महिन्यातून एकदा सुई."

"सुई कशातली?"

त्यांनी काचेची कुपी तिच्या हातात दिली. सगळीकडून बंद, आत तेलासारखं औषध. तिनं ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"ह्याला साल हाय," ती म्हणाली. "सुई चालंल. पर फोडायची माझ्या म्होरं. आवाज ऐकू आला पायजे."

तेव्हापासून नर्स तिची कुपी तिच्या कानाजवळ फोडायची. टक्. तो आवाज आला की कमल बाही वर करायची.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. ती सुई बारामतीत मिळायची नाही, डॉक्टर पुण्याहून आणायचे. एकदा त्यांची गाडी बंद पडली, ते आलेच नाहीत, तर मी पुण्याला जाऊन औषधाची तीन दुकानं पालथी घातली आणि सुई रुमालात गुंडाळून आणली. कमलनं आधी रुमाल उलगडून कुपीला चीर नाही ना ते बघितलं, मगच दंड पुढे केला. आजार समूळ गेला नाही. मोटार अधूनमधून अजून नाव घेते. "घेऊ दे," म्हणते ती, "नावच घेती, भाकरी तर मागत न्हाय." आणि सोनाबाई पुढचे कितीतरी महिने माझ्यावर नजर ठेवून होती, मला खूळ लागतंय का म्हणून. मी जरा मोठ्यानं हसले की दचकायची.

आणि विष्णू. आता माझा मुद्दा ऐक, ज्यासाठी तुला रागावले मी. विष्णूचा सासरच्यांवर कधीच विश्वास बसला नाही. दर महिन्याच्या बाजाराला तो कऱ्हाटीहून यायचा, दारात उभा राहायचा, सुई दिली का, तिची तिलाच दिली का, ते बघायचा आणि चहा न घेता जायचा. जी भोळी माणसं होती ना, "डॉक्टर म्हणतील तसं" म्हणणारी, ती दोन-तीनदा आली आणि दिसेनाशी झाली. त्यांची मला आजही रुखरुख आहे. कुणाकुणाच्या गावी मला जाता आलं नाही, गेले तर उशीर झाला होता. पण संशय घेणारा माणूस परत येतो. तो खात्री करायला येतो. तेव्हा विचारू दे त्यांना, कशाची गोळी, कुणी पाठवलं. पुडी उघडून दाखव. पिशवी उपडी कर. आणि कुणी म्हणालं माझ्या जेवणात घालतात, तर आधी एकदा ताट बघ.

आता मी दमले. तू दिवाळीनंतर जरा सवड काढून ये. आपण दोघी इंदापूरला गाडी बदलून बावड्याला जाऊ. सोनाबाई थकलीय, पण आवाज तसाच आहे. कमल ज्वारीची भाकरी अशी करते की तुझ्या पुण्यात मिळायची नाही. तू पाहुणी म्हणून ताट आधी तुझ्यापुढे येईल, आणि तुझ्याच भाकरीचा कोपरा मोडून ती आधी स्वतःच्या तोंडात टाकील. आता तिथं त्याचं कुणाला नवल वाटत नाही, शेजारणीसुद्धा तसंच वाढायला लागल्यात. तिचा घास गिळून होईपर्यंत हात मांडीवर ठेव आणि मग पोटभर जेव. कारलं तेवढं मागू नकोस. ये बाई लवकर, मी वाट बघते.